नोकरी सोडली, ऑफिसची पॉलिसी सोडली नाही : माझा अनुभव

सत्ताविसाव्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) निघाला, तेव्हा माझ्या नावावर स्वतःची एकही पॉलिसी नव्हती. होती ती ऑफिसची ग्रुप पॉलिसी, पाच लाखांची. उपचार तिच्यावर निभावले.

केमोला सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. २४ तास ॲडमिट नसलो तरी केमो 'डे केअर'मध्ये बसते, पण दर खेपेला टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) प्री-ऑथ, म्हणजे खर्चाची आगाऊ मंजुरी, नव्याने. पेट स्कॅन बाहेरून केलेला, त्यामुळे कॅशलेस नाही. दाखल होण्याआधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस माझ्या पॉलिसीत धरले होते, म्हणून मूळ बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडून ते पैसे मागून घेतले.

अडलं ते भलतीकडेच. केमोने प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा आधी शुक्राणू गोठवून ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. क्लेम नामंजूर. वंध्यत्वाचे उपचार पॉलिसीच्या ठरावीक अपवादांमध्ये येतात. अरे, मला वंध्यत्व नव्हतंच, ते येऊ नये म्हणून तर धडपड होती! पण केमो थांबणार नव्हती. पैसे खिशातून भरले. हे काम विम्याच्या उत्तरासाठी अडवून ठेवू नका.

खरी परीक्षा उपचार संपल्यावर झाली. चांगली नोकरी चालून आली, पण कंपनी छोटी, ग्रुप विमा नाही. स्वतःच्या पॉलिसीसाठी केलेले अर्ज परत आले. एका एजंटने सुचवलं, "आजार लिहूच नका, पाच वर्षं गेली की कोणी विचारत नाही." तो मोरेटोरियमबद्दल बोलत होता, म्हणजे ज्या मुदतीनंतर माहिती दिली नाही म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही ती. २०२४ पासून ती मुदत ६० महिन्यांची आहे हे खरं, पण फसवणूक सिद्ध झाली तर तिचं संरक्षण मिळत नाही. मुद्दाम लपवलेला कॅन्सर दुसऱ्या कशात मोडणार?

वाट सापडली ती मायग्रेशनची. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी मागता येते. एचआरला हे ठाऊक नव्हतं. मी राजीनाम्याच्या नोटीस काळातच, यादीतून नाव निघण्याआधी, विमा कंपनीला लेखी अर्ज दिला. हमखास मिळेलच असं नसतं, कंपनी तब्येत तपासते. बायोप्सी, डिस्चार्ज समरी, ताजा पेट स्कॅन, सगळं मागितलं आणि मग गप्प बसले. तक्रार विभागाला लिहिलं, आयआरडीएआय या विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंद केली, तेव्हा फाइल हलली. ३० दिवसांत समाधान झालं नसतं तर विमा लोकपालाकडे जाणार होतो. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

पॉलिसी मिळाली, लोडिंग (आजारामुळे जादा प्रीमियम) लावून. मात्र ग्रुपमधली वर्षं धरली गेली. जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असतो, माझी त्याहून जास्त वर्षं भरली होती. त्यामुळे उद्या आजार उलटला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण, अर्थात जुन्या पाच लाखांपुरतंच. क्लेम केले म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढाच हातभार.

सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च उचलणारा जादा विमा, मात्र अजून कोणी दिलेला नाही. पुढचा पेट स्कॅन स्वच्छ आला की पुन्हा अर्ज टाकणार आहे, आजार लिहूनच.