पारदर्शक झिंगे आणि पावसाळ्याचे पाणी

शनिवार, रात्री

आज संध्याकाळी महापालिकेची डास मारण्याच्या धुराची फेरी आमच्या गल्लीत होऊन गेली. यंत्राचा आवाज कोपऱ्यावर ऐकू येताच मी खिडक्या लावून घेतल्या, झिंग्यांच्या टाकीवर काच सरकवली, तिच्यावर ओले फडके पसरले आणि एअर पंप बंद केला. हा पंप खोलीतील हवाच ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे खोलीत जे काही मिसळेल ते बुडबुड्यांवाटे थेट झिंग्यांपर्यंत पोहोचते. डासांसाठी वापरल्या जाणाऱ्या पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशकांचा जेवढा अंश माणसाला जाणवतही नाही, तेवढा झिंग्यांचा जीव घ्यायला पुरेसा असतो, कारण झिंगे आणि कीटक हे दोन्ही संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांचे प्राणी आहेत. म्हणूनच टाकी असलेल्या खोलीत आम्ही डासांची कॉइल लावत नाही, लिक्विडचे यंत्रही लावत नाही, आणि सरळ मच्छरदाणीत झोपतो.

पंप बंद असताना झिंगे काय करतात हे मी पाहत बसलो. पाण्यातील प्राणवायू कमी होऊ लागला की ते तळ सोडून वनस्पतींच्या शेंड्यांवर, पृष्ठभागाच्या जवळ येतात. आज तशी वेळ आली नाही. धूर ओसरल्यावर मागची गॅलरी उघडून खोली हवेशीर केली आणि मगच पंप पुन्हा सुरू केला.

घोस्ट श्रिम्प या नावाखाली अमेरिकेत जो झिंगा विकला जातो तो तिथल्या आग्नेय भागातील पॅलेमन पॅलुडोसस. माझ्या टाकीतील झिंगे मात्र आपल्याच नद्या-तळ्यांतील, मॅक्रोब्रॅकियम प्रजातीतले आहेत. पायांच्या दुसऱ्या जोडीला लांब, सडपातळ नांग्या असतात त्यावरून ते ओळखू येतात. दोन्हीकडे त्यांच्या वाट्याला येणारी वागणूक सारखीच. मोठ्या माशांना जिवंत खाद्य म्हणून, किंवा टाकीतले शेवाळ आणि उरलेसुरले अन्न साफ करणारे म्हणून ते अगदी स्वस्तात विकले जातात. मला हे दोन्ही उपयोग पटत नाहीत. सफाईच्या कामासाठी म्हणून आणलेला झिंगा स्वच्छ टाकीत उपाशी राहतो आणि माशांच्या टाकीत सतत भीतीने दडून बसतो. त्याच्यासाठी स्वतंत्र टाकी ठेवली, तरच त्याचे खरे वागणे दिसते.

आणि दिसते ते खरोखरच शरीराच्या आतपर्यंत दिसते. डोळ्यांच्या मागे डोक्याच्या भागातच त्याचे जठर असते, तिथून आतड्याची बारीक रेघ पाठीच्या कडेने शेपटीपर्यंत जाते, आणि पाठीच्या कवचाखाली, त्याच्या मागच्या टोकाशी, हृदयाची अतिशय जलद थरथर चालू असते. स्पिरुलिना या हिरव्या शेवाळाची गोळी खाल्ली की थोड्याच वेळात जठर गर्द हिरवे होते. कोण जेवले आणि कोण उपाशी राहिले, हे दिव्याच्या उजेडात एका नजरेत कळते. शरीर दुधाळ, पांढुरके दिसू लागले, तर पाण्यात काहीतरी बिघडले आहे किंवा त्या जिवावर मोठा ताण आहे, असे समजून मी लगेच पाण्यातील अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्ये तपासतो. इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे आपली अवस्था सांगणारा दुसरा जीव मी पाळलेला नाही.

रविवार, दुपारी

एका मादीने आज माझ्यासमोर कात टाकली. कालपासून तिने काही खाल्ले नव्हते आणि ती करवंटीच्या तोंडाशी बसून होती. डोक्याचे कवच आणि पोटाचा पहिला खंड यांच्यामध्ये फट पडली, ती कुशीवर कलली, आणि तिथून डोके, डोळे, लांबलचक मिशा आणि प्रत्येक पाय तिने मागे ओढून काढला. शेवटी शेपटीचा एक झटका दिला आणि ती मोकळी झाली. मागे उरलेल्या कवचात मिशांची टोकेसुद्धा शाबूत होती. जठराच्या आतले अस्तरही कातीबरोबरच बाहेर पडते, हे वाचून माहीत असले तरी ते रिकामे कवच पाहताना त्याचे नव्याने नवल वाटते.

तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाचेही असेच आहे. मिशांच्या आखूड जोडीच्या बुडाशी एक पोकळी असते आणि तिच्यातील वाळूच्या कणांच्या भारावरून झिंग्याला वर-खाली समजते. कातीबरोबर हे कण जातात आणि झिंगा नवे कण आत भरून घेतो. व्हिएन्नाच्या आलोइस क्राइडल या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १८९३ मध्ये पॅलेमन झिंग्यांना कात टाकल्यावर वाळूऐवजी लोखंडाचा कीस उपलब्ध करून दिला. झिंग्यांनी तोच आत घेतला, आणि मग वरून लोहचुंबक धरल्यावर ते उलटे झाले. माझ्या टाकीच्या तळाशी मी बारीक वाळू पसरली आहे, तिला या प्रयोगामुळे एक वेगळाच अर्थ आला आहे.

टाकलेली कात मी काढत नाही, कारण झिंगे ती खातात आणि तिच्यातील कॅल्शियम नव्या कवचाच्या कामी येते. पुण्यात नळाला येणारे धरणाचे पाणी मऊ असते, बोअरच्या पाण्यात क्षार पुष्कळ असतात. मऊ पाण्यात कवच नीट घडत नाही आणि कात टाकताना झिंगा अर्धवट अडकून मरू शकतो, म्हणून फिल्टरजवळ समुद्रफेनाचा, म्हणजे कॅल्शियम देणाऱ्या कटलफिशच्या कवचाचा, तुकडा ठेवला आहे. पाणी बदलायचे तेही एका वेळी १० ते १५ टक्केच, कारण एकदम जास्त पाणी बदलले की अवेळी कात टाकली जाते. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास अधिक येतो, तेव्हा क्लोरीन घालवणारे सोडियम थायोसल्फेट घालून ठेवलेलेच पाणी वापरतो.

आईने स्वयंपाकघरातील तांब्याच्या हंड्यातले पाणी टाकीत घालू का, असे आज सहज विचारले. ते मात्र कधीच घालायचे नाही. झिंग्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोसायनिन तांब्यावरच चालते, तरीही पाण्यात विरघळलेले तांबे त्याच्या कल्ल्यांना अगदी कमी प्रमाणातही घातक ठरते. माशांच्या कित्येक औषधांत तांबे असते, म्हणून तीही या टाकीपासून दूर ठेवलेली बरी.

बुधवार, रात्री

गेले काही आठवडे दुसरी एक मादी पोटाखाली हिरवी अंडी घेऊन वावरत होती. पोहण्याच्या पायांनी ती अंड्यांना सतत वारा घालायची आणि मधूनमधून पुढच्या पायांनी ती चाचपून साफ करायची. परवापासून अंड्यांचा हिरवा रंग जाऊन प्रत्येकात डोळ्यांचे काळे ठिपके दिसू लागले होते. आज दिवे लावायच्या वेळेला पिल्ले सुटली. ती आईवडिलांसारखी तळावर चालत नाहीत. डोके खाली, शेपटी वर अशी तिरकी लटकत ती उलट्या दिशेने पोहतात. मोठ्या पोशा झिंग्याच्या, म्हणजे मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गीच्या पिल्लांना खाडीचे मचूळ पाणी लागते, पण या लहान देशी जातीची पिल्ले गोड्या पाण्यातच वाढतात, ही केवढी सोय आहे.

पिल्लांना उजेडाची ओढ असते. खोलीत अंधार करून टाकीच्या एका कोपऱ्याशी विजेरी धरली, तेव्हा ती तिथे गोळा झाली आणि मला ती पेल्याने अलगद उचलून घेता आली. त्याच टाकीतले पाणी भरलेल्या दुसऱ्या लहान टाकीत आता ती आहेत. तिथे फक्त स्पंजचा फिल्टर आहे, त्यात ती ओढली जाणार नाहीत. सोबत देशी बदामाचे एक वाळलेले पान घातले आहे, त्यावर जिवाणूंचा थर धरला की तो पुढे त्यांना खाता येईल. पिल्लांच्या खाद्यासाठी आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातील एका बारीक कवचधारी जिवाची, अंडी मिठाच्या पाण्यात भिजत घातली आहेत. २८ अंशांच्या आसपास ती साधारण २४ तासांत फुटतात. सुरुवातीला पिल्लांना अंगातील पिवळ्या बलकाचा आधार असतो, त्यामुळे उद्या रात्री पहिला घास दिला तरी चालेल. परवा पुन्हा धुराची फेरी असल्याचे सोसायटीच्या फलकावर लिहिले आहे, तेव्हा या नव्या टाकीसाठीही उद्याच एक काच कापून आणायची आहे.