माजघराचा रंग

आज वेंगुर्ल्याच्या घरातील माजघराचा रंग ठरवण्यात संपूर्ण दिवस गेला आणि तो सत्कारणी लागला, असे मला मनापासून वाटते. आईला डोळ्यांना निवांत वाटेल असा रंग हवा होता. दुकानातील शेडकार्डावर पसंत पडलेल्या राखाडी छटेच्या फिक्या हिरव्याचा दोन फुटांचा चौकोन भिंतीवर रंगवून, तो पूर्ण वाळू देऊन (ओला इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग, वाळल्यावर सहसा थोडा गडद होतो), आम्ही तो दिवसभर निरखला. सकाळी तो सौम्य दिसला. दुपारी मात्र खिडकीबाहेरच्या माड-पोफळींवरून परावर्तित होऊन येणाऱ्या उजेडात तोच रंग इतका हिरवागार भासू लागला, की आईने लगेच नकार दिला. रात्री २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तो मळकट वाटला.

मग किंचित तांबूस झाक असलेला, ओल्या वाळूसारखा रंग लावून पाहिला. उघड्या ठेवलेल्या जांभ्या चिऱ्याच्या भिंतीशेजारी तो तिन्ही वेळा शांत राहिला. शुभ्र पांढरा मी आधीच वगळला होता, कारण समुद्राकडून येणारा प्रखर उजेड त्यावरून डोळ्यांवर येतो.

भिंतीवरील उंचसखलपणा झाकला जावा म्हणून मॅट फिनिश, म्हणजे चकाकी नसलेला रंग, घेणार आहोत. नव्या गिलाव्याला किमान २८ दिवस द्यायचे असल्याने आणि पावसाची ओल अजून भिंतीत असल्याने प्रत्यक्ष काम दिवाळीनंतरच सुरू होईल. तोवर तो वाळूरंगी चौकोन भिंतीवर तसाच राहणार आहे.