बावीस विरुद्ध शून्य

निकाल मध्यावरच लागून गेलेला बेसबॉलचा सामना शेवटपर्यंत पाहण्यात कसली मौज, असे घरातले मला विचारतात, तेव्हा मी ३१ ऑगस्ट २००४ च्या सामन्याचे नाव घेतो. त्या रात्री क्लीव्हलँड इंडियन्सने न्यूयॉर्कच्या बलाढ्य यँकीजना त्यांच्याच मैदानावर २२-० असे धुऊन काढले. ओमार व्हिस्केलने एकट्याने सहा हिट (फलंदाजाला बेसवर पोहोचवणारे फटके) मारल्या, जेक वेस्टब्रुकने नऊपैकी सात इनिंग पिचिंग (म्हणजे गोलंदाजी) करून यजमानांना खातेही उघडू दिले नाही, आणि यँकीजच्या इतिहासातील सर्वांत दारुण पराभवाची नोंद झाली.

क्रिकेटवर पोसलेल्या मनाला अशा वेळी वाटते की, आता कर्णधाराने डाव घोषित करावा आणि सर्वांची सुटका करावी. बेसबॉलमध्ये ती सोय नाही. घड्याळही नाही. समोरच्या संघाचे सत्तावीस बळी टिपल्यावाचून सामना संपत नाही, मग आघाडी एका रनची असो वा बावीस रनांची. त्यामुळे जिंकणाऱ्याची एक वेगळीच अडचण होते: त्याने मन लावून मारत राहावे, तर पडलेल्याला लाथ घातल्यासारखे दिसते, हात आखडता घ्यावा, तर तोही प्रतिस्पर्ध्याचा अपमानच. म्हणूनच एवढी आघाडी असताना बेस चोरू नये (म्हणजे फटका नसताना पिचरची नजर चुकवून पुढच्या बेसवर धावू नये), असा अलिखित संकेत आहे. हरणारा संघ मात्र आपले पिचर उद्यासाठी राखून ठेवतो आणि एखाद्या क्षेत्ररक्षकाच्या हाती चेंडू देतो. तो बिचारा हळुवार चेंडू टाकू लागला, की मैदानावर थोडे हसू परतते. मला तर सामन्याचा हा भाग सर्वांत माणुसकीचा वाटतो.

विसाव्या शतकात प्रतिस्पर्ध्याला शून्यावर ठेवून मिळवलेला सर्वांत मोठा विजयही २२-० असाच होता. १६ सप्टेंबर १९७५ रोजी शिकागोच्या रिग्ली फील्डवर पिट्सबर्ग पायरेट्सने पहिल्याच इनिंगमध्ये नऊ रन काढून यजमान शिकागो कब्ज (Cubs) संघाचे कंबरडे मोडले, आणि पनामाच्या रेनी स्टेनेटने सात वेळा बॅट हाती घेऊन सातही वेळा हिट मारली. कब्जचा पहिला पिचर होता रिक रूशेल; स्टेनेटची सातवी हिट ज्याच्या चेंडूवर गेली तो होता रिकचा भाऊ पॉल. याच दोघा भावांनी महिनाभरापूर्वी, २१ ऑगस्टला, लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना मिळून शून्यावर रोखले होते, आणि भावांच्या जोडीने असा पराक्रम करण्याची ती पहिलीच वेळ होती.

एवढे करूनही पदरात पडतो तो एकच विजय. आयपीएलमध्ये दणदणीत विजयाने नेट रनरेट तरी सुधारतो; बेसबॉलच्या १६२ सामन्यांच्या हंगामात २२-० आणि १-० यांचे मोल सारखेच. त्या दारुण पराभवानंतरही यँकीजनी २००४ मध्ये १०१ सामने जिंकून आपला गट जिंकलाच.

याची सर्वांत कडू चव १९६० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे चार सामने आधी जिंकेल त्याला विजेतेपद देणाऱ्या अंतिम मालिकेत, यँकीजनीच चाखली. पायरेट्सविरुद्ध त्यांनी तीन सामने १६-३, १०-० आणि १२-० असे जिंकले, आणि त्यांतील दोन्ही शून्यांचा शिल्पकार पिचर व्हायटी फोर्ड होता. सात सामन्यांत मिळून यँकीजचे ५५ रन झाले, पायरेट्सचे अवघे २७. तरीही पायरेट्सच्या बिल मॅझरॉस्कीच्या होमरनने (क्रिकेटमधल्या षटकारासारख्या फटक्याने) सातवा सामना १०-९ असा संपला आणि सिरीज पायरेट्सनी ४-३ अशी जिंकली. सर्वोत्तम खेळाडूचा मान हरलेल्या यँकीजच्या बॉबी रिचर्डसनला मिळाला. पिचरला दोन सामन्यांमध्ये काही दिवस विश्रांती लागते; फोर्डला पहिल्याच सामन्यात उतरवले असते तर तो तीनदा खेळू शकला असता, हा ठपका यँकीजचे मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) केसी स्टेंगल यांच्यावर आला, आणि दुपटीहून अधिक रन काढलेल्या संघाच्या या मॅनेजरला काही दिवसांतच घरी पाठवण्यात आले.