वीट

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं. सासूबाई म्हणतात, ते या घरात माझ्याआधी आलं. कालनिर्णय निघालं १९७३ साली आणि सासूबाईंचं लग्न ७४चं, त्यामुळे मोठ्या जावेकडे बघावं तसं त्या त्याच्याकडे बघतात. थोडा मान, थोडी कुरबुर. पूर्वी त्यातल्या चौकोनांत दुधाचे खाडे असायचे, सिलिंडर लावल्याची तारीख असायची, एखाद्या लग्नाचा मुहूर्त असायचा. महिना संपला की मागच्या पानावरची पाककृती कापून ठेवायची आणि उरलेलं पान वह्यांना घालायचं. एवढाच त्याचा संसार.

आता त्या चौकोनांत चतुर्थी शोधावी लागते. थोरली आठवीत, धाकटा तिसरीत. थोरलीची शाळा हिरव्या पेनाने, धाकट्याची निळ्या, माझं ऑफिस लाल, नवऱ्याच्या शिफ्टा काळ्या. सासूबाईंना पेन्सिल दिलीय, पण त्या वर्षातून दोनदाच लिहितात, ‘गुडघे’ आणि ‘मोतीबिंदू’. बाकी सगळं रंगीत. युनिट टेस्ट, ओपन हाउस, पीटीएम, ग्रीन कलर डे, फळांचा दिवस (एकच फळ आणणे, केळे नको), स्पोर्ट्स डेची प्रॅक्टिस, त्या प्रॅक्टिसची प्रॅक्टिस. एकदा सासूबाई चष्मा लावून बराच वेळ उभ्या होत्या. विचारलं, काय शोधताय? म्हणाल्या, “आज वार कोणता ते.”

शाळा आणि घर यांची वाटणी कशी असावी याचा एकदा मी कागदावर हिशेब केला होता. कायद्याने सहावी ते आठवीला वर्षाचे किमान २२० दिवस शाळा भरावी लागते, पाचवीपर्यंत २००. म्हणजे थोरली १४५ दिवस आमची. मला फार श्रीमंत वाटलं. मग त्यातून क्लास वजा केला, स्कॉलरशिपचे जादा तास वजा केले, मे महिन्यातलं शिबिर, आजोळ, मैत्रिणींचे वाढदिवस. शून्याच्या जवळ आल्यावर पेन खाली ठेवलं. उधारीत निघालं असतं तर उगाच वाईट वाटलं असतं.

त्यात आमच्या घरात शाळा दोन वेळांना भरते. पूर्वी दोघंही सहा-वीसच्या व्हॅनने एकदम जायची. एकच धावपळ, एकच आरडाओरडा, आणि सहा-पंचवीसला घर गप्प. मग २०२३च्या डिसेंबरात त्या वेळचे राज्यपाल रमेश बैस म्हणाले की मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदला. पुढे ८ फेब्रुवारी २०२४ला शासन निर्णय निघाला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. निर्णय चांगलाच आहे. रात्री उशिरा झोपणाऱ्या घरांतली मुलं, पावसाळ्यातल्या काळोख्या सकाळी, डब्याची घाई, सगळं खरं आहे. माझी तक्रार फक्त अंकगणिताची आहे. थोरली सहा-वीसला जाते. मी पावणेआठला निघते, डोंबिवली ते सीएसएमटी ४८ किलोमीटर. धाकटा साडेसातला उठतो. म्हणजे सकाळी तो आणि मी, दोघं एकदम जागे असतो ती फक्त पंधरा मिनिटं. त्यातली दहा त्याची बाथरूममध्ये जातात.

तर गेल्या वर्षी मी ठरवलं की चौकोनच भरायचे असतील तर आपणही एक भरू. दर रविवारी संध्याकाळी पाच ते सात, जांभळ्या पेनाने लिहिलं, ‘घर’. कुणी कुठे जायचं नाही. पहिल्या रविवारी चुलत नणंदेचा साखरपुडा निघाला. दुसऱ्या रविवारी थोरलीचा जादा तास. तिसऱ्या रविवारी मात्र सगळे होतो. भजी केली. पाच वाजता पाचही जण दिवाणखान्यात बसलो. भजी पाच-बाराला संपली. नवरा म्हणाला, “हं, आता काय करायचं?” थोरली म्हणाली, “मी तोवर सायन्सचं वाचू का?” आणि धाकट्याने घड्याळाकडे बघत अगदी आदबीने विचारलं, “आई, घर किती वाजता सुटतं?”

जांभळं पेन कुठे गेलं मला माहीत नाही. मी शोधलंही नाही. चौकोनांचाच मला वीट आला होता.

मग आषाढ आला. आषाढी एकादशीची शाळेला सुट्टी असते, म्हणून शाळांच्या दिंड्या एक-दोन दिवस आधी निघतात. नऊवारीतल्या, डोक्यावर प्लास्टिकची तुळस घेतलेल्या चिमुकल्या मुली, गळ्यात टाळ, पायांत पांढरे बूट कारण पी.टी.चा वारही तोच. कालनिर्णयात निळ्या अक्षरात ‘दिंडी’ लिहिलेलं होतं. मला वाटलं, सदरा-टोपी इस्त्री करून ठेवलीय, झालं. आदल्या रात्री नऊ-वीसला, दात घासता घासता, तोंडात फेस तसाच ठेवून धाकटा म्हणाला, “आई, उद्या मी विठोबा आहे.”

“कधी सांगितलं?”

“शुक्रवारी. डायरीत आहे.”

डायरीत होतं. त्याखाली माझी सहीसुद्धा होती.

पुढचा अर्धा तास मी स्टेशनरीच्या दुकानापाशी होते. पाऊस कोसळत होता आणि शटर अर्धं खाली होतं. त्या अर्ध्या शटरखालून वाकून आत गेल्यावर जे दिसलं ते कुठल्याही पीटीएमला दिसत नाही. आमच्या वर्गाचे निम्मे पालक तिथे होते. पीटीएमला आम्ही इस्त्रीतले असतो, एकेकटे असतो, आणि ‘तो घरी फार शांत असतो’ असली वाक्यं बोलतो. इथे एक बाबा थेट ट्रेनमधून आलेले, खांद्याला डब्याची पिशवी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. एक आई गाऊनवर रेनकोट घालून आलेली. पालकांच्या ग्रुपवर रोज ‘कोणी वहीचा फोटो पाठवेल का प्लीज’ म्हणणाऱ्या बाई म्हणजे ह्याच, हे मला तेव्हा कळलं. दुकानातले काका म्हणाले, “ताई, सोनेरी कागदाचा हा शेवटचा. तुमचं काय?” म्हटलं, विठोबा. पँट दुमडलेले गृहस्थ वळले. “आमची रखुमाई,” ते म्हणाले. क्षणभर आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग ते हात जोडून म्हणाले, “म्हणजे व्याही की आपण!” सोनेरी कागद आम्ही पात्याने निम्मा निम्मा केला. व्याह्यांनी पैसे घेतले नाहीत.

घरी आले तर जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली. ऑनलाइन मागवलेल्या मिक्सरचं खोकं फाडून नवरा मुकुट कापत होता. सासूबाई पलंगावरून देखरेख करत होत्या. “असा टोकदार नाही रे विठोबाचा. हा इंद्राचा झाला.” मुकुट तीनदा कापला गेला. थोरली, जिची दुसऱ्या दिवशी इतिहासाची टेस्ट होती आणि जिला मी साडेनऊनंतर जागं राहू देत नाही, ती कानातली मकरकुंडलं करत बसली. विठोबाच्या कानांत माशाच्या आकाराची कुंडलं असतात हे तिने कुठूनसं वाचलेलं. नवरा मूळचा मालवणकडचा. त्याने तो सोनेरी मासा उजेडात धरून बघितला आणि सुस्कारा सोडला, “एकतीस जुलैपर्यंत मासेमारीला बंदी. तोवर हेच दर्शन.” पीतांबर म्हणून सासूबाईंनी ट्रंकेतून लग्नातला पिवळा शेला काढला. पन्नास वर्षं डांबराच्या गोळ्यांत ठेवलेला. मी म्हटलं, अहो आई, तो नको, फाडून ठेवेल. म्हणाल्या, “देवालाच चाललाय ना?”

आणि शेल्याला काठाशी दोरा घालताना त्यांनी पुंडलिकाची गोष्ट काढली. आधी तो आईबापांशी किती वाईट वागायचा हा भाग त्या नेहमी लांबवतात आणि तेवढा वेळ आमच्या नवऱ्याकडे बघतात. मग तो सुधारला, रात्रंदिवस आईबापांची सेवा करू लागला. ते कळल्यावर देव स्वतः भेटायला आले, दाराशी उभे राहिले. पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता. त्याने मागे न बघता एक वीट सरकवली आणि म्हणाला, हे होईपर्यंत यावर उभा राहा.

“देवाला?” धाकट्याचा मुकुट घसरला.

“देवाला.”

“देव रागावला नाही?”

“कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. अजून उभाय.”

धाकटा बराच वेळ विचार करत होता. मग म्हणाला, “पुंडलिकाचं अजून झालं नाही?”

यावर सासूबाईंकडेही उत्तर नव्हतं. त्यांनी दोरा दाताने तोडला.

वीट हवी, हे त्यानंतर सगळ्यांच्या लक्षात आलं. थोरली म्हणाली खोक्याची करू, वर विटकरी रंग देऊ. नवरा म्हणाला, देव खोक्यावर उभा राहत नाही. आमच्या शेजारची इमारत रिडेव्हलपमेंटला गेलीय, नव्याचं काम चालू आहे. पावणेअकराला छत्री घेऊन तो खाली गेला. खिडकीतून आम्ही चौघं बघत होतो. वॉचमन टॉर्च मारतोय, हा हातवारे करतोय, मग स्वतः कंबरेवर हात ठेवून दाखवतोय. वॉचमनने ढिगातून एक निवडली, झटकली, पावसात धुतली आणि दोन्ही हातांनी दिली.

सकाळी धाकटा न उठवता सव्वासहाला उठला. गोपीचंदनाचा टिळा, वर बुक्का, गळ्यात सासूबाईंची खरी तुळशीची माळ. थोरलीने व्हॅनमध्ये चढण्याआधी कुंडलं अडकवली. माझी नेहमीची फास्ट गेली, पुढचीही गेली, लेट मार्क लागला. रिक्षावाले काका आले तेव्हा विठोबा वीट मांडीवर घेऊन बसला. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावं असा सरकारी नियम आहे. त्यात विटेबद्दल काही म्हटलेलं नाही.

दिंडी मला बघता आली नाही. ऑफिसात अकराच्या सुमाराला ग्रुपवर फोटो आले, त्रेचाळीस. आमचा विठोबा एका फोटोत कंबरेवर हात ठेवून उभा होता. बाकी सगळ्यांत तो मुकुट सावरत होता, बाटलीतून पाणी पीत होता, आणि एकात विटेवर चक्क बसला होता. रखुमाई रुसून दोन हात लांब उभी, म्हणजे परंपरेला धरूनच. पंढरपुरातही तिचं देऊळ वेगळं आहे. व्याह्यांनी ग्रुपवर फुलं पाठवली. मी उलट फुलं पाठवली. थोरलीला इतिहासात वीसपैकी अकरा पडले, आणि त्याबद्दल अजून कुणीच काही बोललेलं नाही.

वीट परत द्यायची राहिली. वॉचमन बदलला, नवीन वॉचमनला एक वीट परत द्यायला आलोय हे सांगणं अवघड वाटलं. आता ती दारामागे चपलांच्या स्टँडपाशी असते. कधी त्यावर ओली छत्री ठेवतो. मोलकरणीने दोनदा विचारलं, टाकू का? दोन्ही वेळा धाकट्याने आतून ओरडून नाही म्हटलं.

परवा आठ वाजता घरी आले. गाड्या लेट, ठाण्यापर्यंत उभी, चपलांत पाणी. दारातूनच सुरू केलं, उद्या काय आहे, वही दाखव, डायरी कुठाय, नऊ-वीसला सांगायचं नाही. धाकटा जमिनीवर पालथा पडून कालनिर्णयच्या जुलैच्या पानामागे काहीतरी काढत होता. त्याने मान वर केली नाही. एक पाय लांब करून त्याने वीट माझ्याकडे ढकलली. जड होती, अर्ध्यातच थांबली.

“आई, थांब. माझं होतंय.”

विटेवर दोन पावलं जेमतेम मावतात. पर्स खांद्यावरच होती. हात कुठे ठेवावेत कळेना, तर ते आपोआप कंबरेवर गेले.

“पाय पुसून उभी राहा गं,” सासूबाई आतून म्हणाल्या.