पालथ्या पेल्याखालची हवा

नवे लाकडी कपाट बसवून तीन आठवडे झाले होते. पाणी पिण्यासाठी पेला ओठांशी नेला आणि पाण्याआधी नाकाला कपाटच जाणवले. ताजी लाकडी फळी, गोंद आणि पॉलिश यांचा मिळून येणारा, घशाला किंचित झोंबणारा असा तो उग्र वास होता. पेला गरम पाण्याने आणि साबणाने दोनदा धुतला, तेव्हा वास पूर्णपणे गेला. मात्र दुसऱ्या दिवशी त्याच पेल्याला तो पुन्हा येऊ लागला. दोष काचेचा नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवे होते.

काच सच्छिद्र नसते, त्यामुळे वास तिच्या आत मुरू शकत नाही. तिच्या पृष्ठभागावर मात्र हवेतील आर्द्रतेचा अतिशय पातळ थर सतत असतो आणि लाकडातून सुटणारी बाष्पे त्या थरात अडकतात. फॉर्मल्डिहाइड हा गोंदातून सुटणारा उग्र वासाचा वायू तर पाण्यात सहज विरघळतो. म्हणून नीट न वाळलेला, तळाशी दोन थेंब राहिलेला पेला कोरड्या पेल्यापेक्षा लवकर वास धरतो.

खरा प्रश्न हवेचा आहे, हे मला एका साध्या प्रयोगातून पटले. एकाच प्रकारचे तीन पेले धुऊन, पूर्ण वाळवून मी एक कपाटात पालथा, एक कपाटात उताणा आणि एक बाहेर मोकळ्या जागी पालथा ठेवला. सकाळी पहिल्याला स्पष्ट वास होता, दुसऱ्याला जेमतेम होता आणि तिसऱ्याला मुळीच नव्हता. पेला पालथा घातला की त्याच्या आतली थोडीशी हवा थेट फळीवर कोंडली जाते आणि फळीतून जे काही सुटते, ते त्याच बंदिस्त जागेत साचत राहते. धूळ बसू नये म्हणून आपण इतक्या काळजीने जी सवय जपतो, तीच येथे उलटते. शिवाय पेल्याची कड हा त्याचा सर्वांत नाजूक भाग असतो आणि पालथ्या पेल्याचा सगळा भार त्या कडेवरच येतो.

ही बाष्पे कोठून येतात, हे कपाट कशाचे आहे यावर ठरते. पार्टिकल बोर्ड व एमडीएफ (लाकडाचा भुसा किंवा तंतू गोंदाने दाबून केलेल्या फळ्या) आणि बऱ्याचशा प्लायवूडमध्ये युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. उष्णता आणि दमट हवा यांमुळे त्यातून फॉर्मल्डिहाइड अधिक सुटतो. ओकसारख्या भरीव लाकडातून ॲसिटिक आम्ल बाहेर पडते, तर पाइनला त्याच्या राळेतील टर्पिनांचा, म्हणजे सहज उडणाऱ्या वासाच्या द्रव्यांचा, वास असतो. जवसाच्या तेलाचे पॉलिश हवेतील प्राणवायू घेऊन वाळते, म्हणून दार बंद ठेवलेल्या कपाटात त्याचा वास कित्येक आठवडे रेंगाळतो. संग्रहालयांना हा त्रास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ब्रिटिश म्युझियममधील शास्त्रज्ञ अँड्र्यू ओडी यांनी 1973 मध्ये मांडलेल्या चाचणीत कपाटासाठी वापरायचे साहित्य, थोडे पाणी आणि चांदी, तांबे व शिसे यांच्या पट्ट्या एकत्र बंद करून 60 अंश सेल्सियसला 28 दिवस ठेवतात आणि कोणत्या पट्टीवर गंज चढला ते पाहतात. लाकडी कपाटांतील जुन्या काचवस्तूंवर सोडियम फॉर्मेट या क्षाराचे स्फटिक धरल्याचेही आढळले आहे. रोज धुतल्या जाणाऱ्या पेल्यांना तशी भीती नाही, परंतु बंद लाकडी जागेतली हवा निरुपद्रवी असतेच असे नाही, हे त्यावरून समजते.

माझ्या मते सर्वाधिक फरक पडतो तो फळीच्या उघड्या कडा बंद केल्याने. लॅमिनेटने झाकलेल्या बोर्डातून फारसे काही सुटत नाही. कापलेल्या कडा, बिजागरीची भोके आणि मागची न रंगवलेली बाजू हीच खरी गळतीची ठिकाणे असतात. तेथे मी मेण काढलेल्या लाखेच्या पॉलिशचे दोन हात दिले. त्यातील अल्कोहोल लवकर उडून जाते आणि मागे राहणारा थर वास चांगला अडवतो. नंतर दहा दिवस कपाट रिकामे आणि दारे सताड उघडी ठेवली. येथे घाई करू नये, कारण अर्धवट वाळलेले पॉलिश स्वतःच नवा वास देते.

वाटीत खाण्याचा सोडा ठेवण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो आम्लयुक्त बाष्पांवर थोडेफार काम करतो, राळेच्या वासावर जवळजवळ नाही. सक्रिय कोळसा पुष्कळच बरा, पण फॉर्मल्डिहाइडचा रेणू लहान असल्यामुळे साध्या कोळशावर तो नीट टिकत नाही. सुगंधी कागद फळीवर अंथरणे मला मुळीच मान्य नाही, कारण त्याने पेल्याला एकाऐवजी दोन वास लागतात.

आता पेले उताणे ठेवते. धुळीसाठी दार पुरेसे आहे आणि वापरण्याआधी पेला एकदा विसळून घेते. देठाचे पेले उंच तारेच्या जाळीवर पालथे असतात, कारण तेथे खालून हवा खेळती राहते. झाकणाच्या बरण्या मी कपाटाबाहेरच पूर्ण वाळवून, मोकळ्या हवेत झाकण लावून मग आत ठेवते. रबराच्या कड्या तेवढ्या काढून वेगळ्या ठेवते, कारण रबर वास धरते आणि तो साबणाने धुऊनही सहजी सोडत नाही.