आठवीनंतर पोरं जातात कुठे?

आमच्या मुंबईतल्या गोवंडीकडे कुणालाही विचारा, पोरगं शाळेतून का काढलं, तर उत्तर ठरलेलं असतं, अभ्यासात लक्ष नव्हतं नाहीतर घरची परिस्थिती नव्हती. तेही असतंच, नाही कोण म्हणतंय. पण मी पालिकेच्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे आणि मला तिथे बसून जे दिसतं ते असं की पोरं सगळ्यात जास्त सुटतात ती बरोब्बर तिथे, जिथे एका खात्याची जबाबदारी संपते आणि दुसऱ्याची अजून सुरू झालेली नसते.

आणि खाती तरी किती! अंगणवाडी महिला व बालविकासची. पहिलीपासून पालिकेचा शिक्षण विभाग. खाजगी शाळा असेल तर तिची प्राथमिक पालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि त्याच बिल्डिंगमधली माध्यमिक राज्याच्या शिक्षण निरीक्षकांकडे, त्यांची परत दक्षिण, पश्चिम, उत्तर अशी वेगळी ऑफिसं. पुस्तकं पुण्याहून बालभारतीची, दहावीसाठी वाशीचं बोर्ड, समग्र शिक्षा ही शाळांसाठीची सरकारी योजना, तिच्या पैशात 60 टक्के केंद्र आणि 40 टक्के राज्य. 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत गेलं, म्हणून दिल्लीही कायदा करू शकते, आणि ते चांगलंच झालं, आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, त्यामुळेच तर सगळ्या देशाला लागू झाला.

पण खरी गाठ मुंबईत फार जुनी आहे. 1888 चा महापालिकेचा कायदा, त्यात प्राथमिक शिक्षण हे पालिकेचं बंधनकारक काम आहे, त्याच्या पुढचं शिक्षण मात्र ऐच्छिक, म्हणजे केलं तर केलं. त्यामुळे पालिकेच्या प्राथमिक शाळा भरपूर, मराठी हिंदी उर्दू गुजराती तमिळ तेलुगू कन्नड इंग्रजी इतक्या माध्यमांच्या, कुठल्याही मोठ्या शहराने अभिमान बाळगावा असं हे काम आहे, आणि माध्यमिक त्या मानाने फारच कमी. त्यात आपल्याकडे वर्षानुवर्षं पहिली ते सातवी प्राथमिक आणि आठवी ते दहावी हायस्कूल अशी पद्धत, आरटीई मात्र पहिली ते आठवी धरतो. मग काही शाळांना आठवी जोडली, काहींना नाही.

आता कायदा काय म्हणतो बघा. शाळेत आठवीपर्यंत वर्ग नसतील तर मुलाला दुसऱ्या शाळेत जायचा हक्क आहे, हेडमास्तरांनी दाखला लगेच द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन शाळा प्रवेश अडवू शकत नाही. आरटीईच्या कलम 5 मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. पण हे सगळं आठवीपर्यंतच! आठवी पास झालेल्या मुलामागे यातलं काहीच उभं राहत नाही.

गेल्या जूनमध्ये आमच्या गल्लीतल्या एका ताईंबरोबर त्यांच्या मुलीच्या नववीसाठी फिरले. त्यांनी सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेले, दाखला, आधार, आठवीचं प्रगतिपुस्तक, रेशनकार्डाची झेरॉक्स. एका अनुदानित शाळेत क्लार्क म्हणाले नववीत जागा नाही, आमचीच आठवीची पोरं वर जातात. दुसरीकडे दाखल्यावर जन्मतारखेचं अक्षरी वर्ष चुकलंय, दुरुस्त करून आणा. दुरुस्तीला जुन्या शाळेत गेलो तर मॅडम ट्रेनिंगला. ताई घरकाम करतात, प्रत्येक फेरीला एका घरचा खाडा. मुलगी हुशार आहे, गणितात तर खूपच, आणि ती तिथे बाकावर बसून हे सगळं ऐकत होती. शेवटी बस बदलून जावं लागेल अशा शाळेत नंबर लागला. लागला म्हणून ठीक, पण ताईंनी तिसऱ्या दिवशी जाऊ दे म्हटलं असतं तर कुठल्याच ऑफिसात कुणाला पत्ता लागला नसता, कारण जुन्या शाळेच्या रजिस्टरला ती "आठवी उत्तीर्ण" आणि नवीन शाळेच्या रजिस्टरला ती अजून नाहीच.

म्हणून मी समितीच्या मागे लागलेय. समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या बायका असायलाच हव्यात, कायदाच आहे, शाळेचा विकास आराखडा करायचं कामही आपलंच. नुसत्या सह्या करून चहा पिऊन यायचं नाही. आमच्याकडे आता जानेवारीतच आठवीच्या सगळ्या मुलांची यादी काढतो, दाखल्यावरची नावं आणि तारखा आई-बापांना दाखवून तपासून घेतो, आणि नववीला कोण कुठे जाणार ते त्याच्यापुढे लिहितो. ज्याच्यापुढे रिकामं राहतं त्याच्या घरी आम्ही दोघी-तिघी जातो.

यादीने जागा मात्र वाढत नाहीत. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षणाचे टप्पे 5+3+3+4 वर्षांचे केलेत, म्हणजे नववी ते बारावी एकच टप्पा, मग आठवी जिथे संपते त्याच बिल्डिंगमध्ये पुढचे वर्ग का नाहीत? दुपारनंतर रिकाम्या असलेल्या खोल्या आम्ही मोजून ठेवल्यात. पुढच्या सभेत नववी-दहावी जोडायचा ठराव मांडतेय, तुमच्या शाळेत असा ठराव झाला असेल तर त्याची कॉपी मला नक्की पाठवा, विशेषतः तुकडीची मान्यता कुणाकडून आणि कशी मिळवली ते.