धारोष्ण : पहिल्या 96 सेकंदांची नोंद

आमच्या 'धारोष्ण' या शॉर्टफिल्मची सुरुवात परवा रात्री लॉक केली, म्हणजे आता तिच्यात बदल नाही. 96 सेकंद, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेमच्या (एकेका चित्राच्या) हिशेबानं 2400 फ्रेम. त्यासाठी गंगावेशीत चार संध्याकाळी गेल्या, 62 क्लिप जमल्या आणि पहिल्या दोन संध्याकाळचं जवळजवळ काहीच शेवटी उरलं नाही. असं का झालं ते डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते. तुमच्यापैकी कुणी रात्रीचं, फोनवर, खऱ्या जागेत शूट करणार असाल तर तुमच्या निदान दोन संध्याकाळी वाचतील.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी आधी जागा सांगते. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गवळी संध्याकाळी म्हशी घेऊन येतात. गिऱ्हाईकासमोर धार काढतात आणि फेसाळ दूध तिथंच ग्लासात देतात. धार काढल्याबरोबर प्यायचं, अजून कोमट असलेलं दूध म्हणजे धारोष्ण. तालीम जवळच, त्यामुळे पैलवानांची ये-जा असतेच. आमचा नायक दोन महिन्यांपूर्वी तालीम सोडलेला पोरगा आहे. तो दूध प्यायला येतो, ग्लास हातात घेतो, तेवढ्यात मागून वस्तादांचा आवाज येतो आणि तो ग्लास तसाच कट्ट्यावर ठेवतो. तिथं पडद्यावर फिल्मचं नाव पडतं. सुरुवातीत एवढंच घडतं. त्यानं तालीम का सोडली हे कुणी बोलून दाखवायचं नाही, असं मी पटकथेतच ठरवलं होतं.

तो पैलवान आहे हे न बोलता कळवायचं कसं, याचं उत्तर आयतं मिळालं. नायक झालेला माझा मित्र चार वर्षं मातीत कुस्ती खेळलाय आणि त्यातच त्याचा डावा कान मोडलेला आहे. लहानपणापासून कुस्त्या बघितलेल्या माणसाला एक कान पुरतो. दुसऱ्याच शॉटमध्ये मी तो कान जवळून घेतला. हा कान पुढे मला बराच महागात पडला, पण ते नंतर.

पहिल्या संध्याकाळचं फुटेज घरी लॅपटॉपवर लावलं आणि पोटात गोळा आला. सगळ्या चित्रावरून काळसर पट्टे सरकत होते. फोनच्या स्क्रीनवर ते नीट दिसले नव्हते. कारण शोधायला एक रात्र गेली, पण आता ते पक्कं समजलंय. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला एलईडी बल्ब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते कळत नाही. माझा फोन आपणहून सेकंदाला 30 फ्रेम आणि 1/60 शटरवर गेला होता, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी तो सेकंदाचा साठावा भाग उजेड आत घेत होता. एवढ्या वेळात उजेडाचे दीडहून थोडे जास्त झटके बसतात, म्हणजे शेवटचा झटका अर्धवटच राहतो. त्यात फोनचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीनं वाचतो, म्हणून कुठली ओळ उजळ येते तर कुठली काळी. 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवलं की प्रत्येक ओळीला बरोबर दोन पूर्ण झटके मिळतात. पट्टे गेले. नंतर एडिटमध्ये ते घालवता येतील या आशेवर राहू नका. मी दोन दिवस खटपट केली, दुधाची धारच पुसट झाली.

कॉलेजला जाताना खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ रोज दिसतो. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी हातानं घडवलेल्या कॅमेऱ्याची ती आठवण. त्या काळी हँडल फिरवणाऱ्याचा हात हाच फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) असायचा. हात हळू झाला की पडद्यावरची माणसं पळायला लागत. फोन हातात आल्यावर आपण हा आकडा आपला मानतच नाही, तो फोननंच ठरवून टाकलेला असतो. त्या रात्रीपासून मी रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी चार गोष्टी स्वतः बांधून घेते : फ्रेमरेट, शटर, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) आणि एक्स्पोजर (चित्र किती उजळ).

एक्स्पोजरचा धडा म्हशीनं दिला. काळी म्हैस फ्रेमभर आली की फोनला वाटतं अंधार झालाय, मग तो सगळं उजळ करतो. म्हैस करडी दिसते आणि दुधाचा फेस जळून नुसता पांढरा डाग उरतो. फेसातले बुडबुडे एकदा जळाले की कुठल्याही कलर ग्रेडिंगनं परत येत नाहीत. उलट काळोखात दडलेलं थोडंफार वर काढता येतं. म्हणून आता मी फेसावर बोट ठेवून एक्स्पोजर बांधते आणि त्यातून आणखी एक स्टॉप खाली आणते, म्हणजे उजेड निम्मा करते. म्हैस काळीकुट्ट राहते, फक्त पाठीवर बल्बची एक कड चमकते. मला ती तशीच आवडते.

दुसऱ्या संध्याकाळी मी शहाणपणा करून भाड्यानं एक लाइट पॅनल आणलं. स्टँडवर चढवलं, म्हशीच्या बाजूनं सोडलं. गवळीमामा कासेला पाणी मारून बसले, आचळं ओढली आणि दूधच येईना. पाच मिनिटं गेली, गिऱ्हाईकं खोळंबली. मामा शांतपणे म्हणाले, "पोरी, तुमच्या त्या लाइटीनं बुजलीया ती. पान्हा चोराय लागलीया."

पान्हा चोरणं हा शब्द मी आजीकडून ऐकला होता, घडताना पहिल्यांदा बघितलं. जनावर बिथरलं की दूध कासेत असूनही खाली उतरत नाही. पॅनल बंद केलं, मामांनी थोडं आंबोण पुढं सरकवलं, पाठ थोपटली, आणि मग कुठं धार लागली. ज्यांचं पोट त्या दुधावर आहे त्यांची दहा मिनिटं मी खाल्ली होती. त्या दिवसापासून कट्ट्यावर नवा दिवा नाही. जो बल्ब तिथं रोज असतो त्याच्याच उजेडात नायकाला दोन पावलं पुढं-मागं करून उभं करायचं. तिसऱ्या संध्याकाळी तर पहिला अर्धा तास मी फोन बाहेरच काढला नाही, नुसती उभी राहिले. म्हशीलाही सवय झाली आणि कॅमेऱ्यात डोकावणाऱ्या पोरांचाही उत्साह ओसरला.

आता कानाची गोष्ट. नायक आणि पलीकडे दूध पिणारे तालमीतले मल्ल यांच्यामध्ये एक काल्पनिक रेषा असते, कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, हा नियम मला तोंडपाठ होता. पण एका बाजूला भिंत, गर्दी वाढलेली, म्हणून मल्लांचा शॉट मी पलीकडून घेतला. जोडून बघितलं तर नायकही उजवीकडे बघतोय आणि मल्लही उजवीकडेच. दोघं एकमेकांसमोर आहेत असं वाटेचना, सगळे मिळून बसची वाट बघतायत असं दिसायला लागलं. मल्लांचा शॉट उलटा करावा तर मागच्या दुकानाची पाटी उलटी होते. मग नायकाचा उलटा केला. दिसायला छान जमलं, पण मोडलेला कान उजवा झाला! दोन शॉट आधी तोच कान डावा म्हणून जवळून दाखवलेला. मैत्रिणीला काही न सांगता दाखवलं, तर तिनं विचारलं, "हे दोघं भाऊ आहेत का?" शेवटी चौथ्या संध्याकाळी मल्लांचा शॉट पुन्हा घेतला, भिंतीला पाठ घासून, योग्य बाजूनं.

या नोंदीत मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते मात्र आवाजाबद्दल.

तिसऱ्या संध्याकाळनंतर मी पहिला कट, म्हणजे शॉट जोडून पहिली आवृत्ती, तयार केला. मला तो आवडला होता. म्हैस, हात, धार, कान, फेस, नायकाचे डोळे, पुन्हा धार. दुधाच्या धारेचा प्रत्येक शॉट मी देखणेपणावर निवडला होता. फुटेज दाखवीन असं मामांना कबूल केलं होतं, म्हणून कट्ट्यावर जाऊन फोन त्यांच्या हातात दिला. ते बघत होते, पण मधेच म्हैस हलली म्हणून तिच्याकडे वळले आणि फोन नुसता ऐकत राहिले. कट संपल्यावर म्हणाले, "बादली भरत आल्ती की. मग मधीच परत रिकामी कशी काय झाली?"

मी घरी येऊन स्क्रीन बंद करून नुसता आवाज ऐकला आणि मामा किती बरोबर होते ते कळलं. रिकाम्या बादलीत पहिली धार पडते ती पत्र्यावर. आवाज बारीक, टोकदार, वाजणारा. तळ झाकला की तो वाजणं बंद होतो. अर्ध्यावर आली की धार दुधात घुसते, आवाज जाड होतो. वर फेस चढला की तो खोल, मऊ, दबका होतो, जणू कुणी गादीवर बुक्का मारतंय. बादली हे घड्याळच आहे. आणि मी त्या घड्याळाचे काटे शॉटागणिक पुढं-मागं फिरवले होते. ज्यांनी ज्यांनी कट बघितला त्यांना मधेच काहीतरी खटकत होतं, पण काय ते सांगता येत नव्हतं. मीही उगाच कटच्या जागा दोन-दोन फ्रेम हलवत बसले होते.

मग सगळी रचना मोडली. एडिटच्या टाइमलाइनवर (शॉट आणि आवाज ओळीनं मांडायच्या पट्टीवर) चित्र बाजूला ठेवलं आणि आधी आवाजाचा एकच पट्टा मांडला : एका बादलीचा, रिकामी ते भरलेली. चौथ्या संध्याकाळी मी धारेचा आवाज वेगळा घेतला. छोटा माइक बादलीपासून हातभर लांब, मामांच्या गुडघ्याजवळ पट्टीनं चिकटवून, पूर्ण धार संपेपर्यंत अखंड. खरी धार बरीच मिनिटं चालते, मला दीड मिनिट हवं होतं, म्हणून वेगवेगळ्या टप्प्यांतले तुकडे क्रमानं जोडले. जोड धारेच्या दोन ठोक्यांच्या मधे लपवले. धार दोन हातांनी आळीपाळीनं येते, तिला पक्की लय असते, ती लय मोडली नाही की जोड ऐकू येत नाही. त्या पट्ट्यावर मग चित्रं बसवली. मला सर्वांत आवडलेला, फेसाचा जवळून घेतलेला शॉट आधी तिसरा होता, तो सरकत सरकत शेवटून दुसरा झाला, कारण बादली तोवर भरतच नाही. कान आला रिकाम्या बादलीच्या वाजण्यावर. आवाज जाड होत जातो तसतसे नायकाचे शॉट लांबत जातात.

यातून एक गोष्ट न मागता मिळाली. बादली भरत आलीय हे ऐकणाऱ्याला कळतं, त्यामुळे आता ग्लास येणार हेही कळतं. मला ताण निर्माण करण्यासाठी संगीत घालायचं होतं, एक ट्रॅक निवडूनही ठेवला होता. तो काढून टाकला.

आवाज वेगळा घेणाऱ्यांनी एक सांभाळा. फोनचा व्हिडिओ 25 फ्रेम म्हणत असला तरी आतून फ्रेमरेट कमी-जास्त होत असतो. चार मिनिटांच्या टेकमध्ये आवाज-चित्र जुळवायला सुरुवातीला वाजवलेली टाळी जुळवूनही शेवटी हात आणि आवाज चुकायला लागले. आता प्रत्येक क्लिप एडिटला घेण्याआधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमरेटवर काढून घेते, मगच दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकते. आवाजाचं रेकॉर्डिंग 48,000 हर्ट्झवर. आणि निघण्याआधी कुणी न बोलता कट्ट्याचा एक मिनिट नुसता आवाज घ्या. मी पहिल्या तीन दिवशी घेतला नव्हता. एका जोडाखाली भरायला म्हणून रवंथाचा आवाज शोधत मी 62 क्लिप पालथ्या घातल्या.

वस्तादांचा आवाज चित्राच्या आधी आणायचा हे ठरलेलं होतं. आठ फ्रेम आधी आणला तर चूक झाल्यासारखं वाटलं. वीस फ्रेम, म्हणजे 0.8 सेकंद आधी आणला, तेव्हा नायकाचा हात थबकण्याला अर्थ आला. मग मी वस्तादांचा शॉट एक एक फ्रेम लहान करत गेले आणि तो पूर्णच निघून गेला. वस्ताद आता दिसत नाहीत. मागून फक्त आवाज येतो, आणि त्याच क्षणी धार थांबलेली असते. त्या शांततेतला ग्लास कट्ट्यावर टेकल्याचा आवाज मी घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर घेतला, भरलेल्या ग्लासाचा. रिकामा ग्लास टणकन वाजतो. बादलीनं शिकवल्यावर ही चूक होणार नव्हती.

मित्राला अभिनय येत नाही याची मला काळजी होती. त्याला फक्त एवढंच सांगितलं की चेहऱ्यावर काही आणू नकोस, बादलीकडे बघत राहा. शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्हनं एकच चेहरा वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला होता आणि बघणाऱ्यांना त्यात दर वेळी वेगळा भाव दिसला होता. वाचलं होतं, पण स्वतःच्या टाइमलाइनवर होताना बघणं वेगळं. फेसाला जोडलेला मित्राचा चेहरा भुकेला दिसतो. तोच, त्याच टेकमधला चेहरा मल्लांच्या पाठीला जोडला की शरमिंदा दिसतो.

बाबूरावांना कॅमेरा घडवताना मदत करणारे विष्णुपंत दामले पुढे 'प्रभात' फिल्म कंपनीचं ध्वनीचं काम बघत होते. 1929 साली ती कंपनी याच गावात सुरू झाली. कॅमेऱ्याचा माणूस आवाजाकडे वळला हे मी आधी नुसतं वाचून सोडून दिलं होतं. आता त्यांच्या कामाविषयी मिळेल ते वाचतेय.

नवा कट घेऊन काल पुन्हा कट्ट्यावर गेले. धार संपली होती, मामा हात पुसत होते. या वेळी त्यांनी फोन कानाजवळ धरूनच बघितला. बादलीबद्दल काही बोलले नाहीत. नाव पडलं, पडदा काळा झाला, तरी फोन तसाच धरून होते. मग विचारलं, "ते पोरगं दूध प्यालं का न्हाई मग?"

ते चौथ्या सीनमध्ये आहे. परीक्षा संपली की शूट करतेय.